रांगत येणारे लेकरू

॥ राम कृष्ण हरि ॥

चैत्र वद्य त्रयोदशी ही संत गोरोबाकाकांची पुण्यतिथी. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर येथे काकांची समाधी आहे, हे वारकरी वाचकांस सांगावयास नको. पुण्यतिथीच्या सुमारास आमच्या भागात गावोगावी काकांच्या चरित्रावर कीर्तने होतात. अशाच एका कीर्तनाला आम्ही बसलो होतो. बुवांनी तो सर्वांस ठाऊक असलेला प्रसंग लावला. काकांची पत्नी पाण्याला गेली. जाताना लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. काका चिखल तुडवीत होते, मुखी नाम होते, डोळे मिटलेले होते. लेकरू रांगत रांगत चिखलात आले आणि बापाच्या पायाखाली गेले. काकांना कळलेच नाही. मंडपात सगळ्यांचे डोळे भरून आले.

कीर्तन संपले. बुक्का लावून घेता घेता एक म्हातारी बुवांना म्हणाली, "म्हाराज, काकांना लेकरू दिसलं न्हाई हे खरं. पर लेकराला तर बाप दिसत हुता की!"

बुवांनी म्हातारीला हात जोडले. आम्हीही जोडले. पण तिचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. आजवर ही कथा आपण काकांच्या बाजूने ऐकत आलो. लेकराच्या बाजूने कधी ऐकली का? ते लेकरू बापाकडेच का रांगत गेले? त्याला तिकडे कोणी ओढले? आईबाप आणि लेकरू यांच्यामधली ही ओढ देहातच घातलेली असते, की ती वागण्याने जुळते? या महिन्याच्या पाठात आपण हाच विचार करू. गेल्या शंभरेक वर्षांत शरीरशास्त्राने या विषयात पुष्कळ शोधून काढले आहे. ते नीट ऐकले तर आपल्या संतांचे म्हणणे अधिक कळते, असा आमचा अनुभव आहे.

लेकराची ओढ

पहिली गोष्ट ही की लेकरू जगात येते ते कोरे येत नाही. गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याला ऐकू येत असते. आईचा आवाज, तिच्या काळजाचे ठोके, घरातली बोलणी, सारे त्याच्या कानावर पडते. १९८० साली अमेरिकेतील डिकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखले की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले की परक्या बाईचा. बाळे आईचा आवाज येईल अशाच लयीत चोखू लागली. तीन दिवसांचा जीव, पण आपली माय कोणती हे त्याला कानाने ठाऊक!

नाकानेही ठाऊक असते. जन्मल्यावर बाळ पुसून लगेच आईच्या उघड्या पोटावर पालथे ठेवले, घाई केली नाही, तर ते पाय रेटीत, डोके हलवीत, साधारण तासाभरात स्वतःच छातीपर्यंत सरकत जाते आणि तोंडाने स्तन धरते. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९८७ साली याचे बारकाईने वर्णन केले. पुढे आपल्या मुंबईतील स्तनपान-प्रसाराचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी युनिसेफच्या साहाय्याने याचे चित्रीकरण करून ते जगभर दाखविले. गर्भजलाचा जो वास बाळाच्या हाताला असतो, त्याच्याशी मिळताजुळता वास आईच्या स्तनाला असतो. त्या वासाच्या मागाने बाळ जाते. तेव्हा पहा, माणसाचे पहिले रांगणे सातव्या-आठव्या महिन्यातले नव्हे. पहिले रांगणे पहिल्या तासातले, आणि ते आईकडे.

पण इथे एक भेद ध्यानात ठेवावा. पहिले काही महिने बाळ कोणाच्याही कडेवर हसते. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास त्याचा रंग पालटतो. परके माणूस दिसले की ओठ काढते, आपल्या माणसाच्या गळ्याला मिठी मारते. आपल्या आयाबाया म्हणतात, "आता त्याला माणसं कळायला लागली." इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले. बाळ या वयात दोनतीन माणसे आपली म्हणून निवडते. भ्याले की त्यांच्याकडे पळते, धीर आला की पुन्हा खेळायला सुटते. ही निवड बाळ कशावरून करते? नुसत्या रक्ताच्या नात्यावरून नव्हे, आणि दूध कोण पाजते एवढ्यावरूनही नव्हे. रडल्यावर कोण येते, कोण उचलते, कोण डोळ्याला डोळा देऊन बोलते, हे ते महिनोन्‌महिने मोजीत असते. त्या हिशेबाने त्याची माणसे ठरतात.

आता म्हातारीचे वाक्य आठवा. काकांचे लेकरू रांगते होते, म्हणजे माणसे कळण्याच्या वयाचे होते. आई दिसेनाशी झाली तेव्हा ते अंगणाबाहेर गेले नाही, शेजारणीच्या दारात गेले नाही. ते बापाकडे गेले. आमच्या मते याचा अर्थ एकच. त्या बापाने त्याला पुष्कळदा उचलून घेतले होते.

पान्हा

आता आईच्या बाजूने पाहू. आपल्या भाषेत 'पान्हा' हा एक शब्द आहे. दूध वेगळे आणि पान्हा वेगळा. दूध अंगात असते, पान्हा फुटावा लागतो. गाय वासरू पाहिल्याशिवाय पान्हवत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

शास्त्राने पान्ह्याचे कारण शोधले ते असे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिला पीयूषिका म्हणतात. १९०६ साली हेन्री डेल यांनी दाखविले की या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसते. या अर्कातला जो रस हे काम करतो त्याला ऑक्सिटोसिन असे नाव आहे. १९५३ साली विन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी त्याची घटना उलगडून तो प्रयोगशाळेत तयार केला आणि १९५५ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाळ छातीला लागले की हा रस आईच्या रक्तात उतरतो. त्याने दूध वाहते, गर्भाशय आकसून बाळंतिणीचा रक्तस्राव आटोक्यात राहतो. आणि हाच रस मेंदूत काम करून आईचे लक्ष बाळाकडे वेधतो, तिची भीती कमी करतो. पुढे पुढे तर बाळाने नुसता टाहो फोडला तरी आईला पान्हा फुटतो. एका जिवाच्या कंठातला आवाज दुसऱ्या जिवाच्या देहात दूध वाहवतो. याहून जवळचे नाते देहाच्या भाषेत सांगता यावयाचे नाही.

पण याच रसाचा दुसरा धर्म आहे. भीती, दगदग, अपमान यांनी तो अडतो. बाळंतिणीला टोचून बोलावे, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवावे आणि मग "हिला दूधच नाही" म्हणावे, हा कुठला न्याय? गायीला मारून कोणी पान्हा घेतो काय? काही बाळंतिणींना बाळाकडे पाहावेसेच वाटत नाही. सारखे रडू येते, झोप उडते, मन काळवंडते. घरचे म्हणतात, हिला मायाच नाही. मायबापहो, ही निर्दयता नव्हे, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. अशा वेळी डॉक्टरला दाखवावे. सासूने बाळ घ्यावे, नवऱ्याने रात्री जागावे, तिला झोपू द्यावे. माया आटलेली नसते, वाट बुजलेली असते.

बापाचे काय?

इथे वाचक म्हणतील, हे सारे आईचे झाले. बापाला ना गर्भ, ना पान्हा. मग त्याची ओढ कुठून यावी? याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. आधी ते एका क्षुद्र प्राण्याकडून ऐकू.

१९६७ साली जे रोझेनब्लाट या शास्त्रज्ञाने उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कधी न व्यालेल्या माद्या आणि नर यांच्याजवळ त्याने रोज नवजात पिले ठेवली. आरंभी ते प्राणी पिलांना हुंगत आणि दूर होत. पाचसहा दिवसांनी चमत्कार झाला. ते पिलांना तोंडात धरून घरट्यात आणू लागले, चाटू लागले, त्यांच्यावर पाखर घालून बसू लागले. व्यालेल्या मादीला हे पहिल्या दिवशी येते, कारण तिच्या देहात रसांची तयारी झालेली असते. पण नुसत्या सहवासाने नरालाही तेच येते. पुढे कॅनडातील मायकेल मीनी यांनी आणखी दाखविले की पिलाला जी मादी पुष्कळ चाटते त्याचे पिलू मोठेपणी धीराचे निघते. कमी चाटणाऱ्या मादीचे पिलू पुष्कळ चाटणारीच्या कुशीत दिले तर तेही धीराचे निघते. म्हणजे जन्म कोणी दिला याहून चाटले कोणी, हे इथे मोठे ठरले.

उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस. पण माणसातही असेच दिसते. फिलिपाईन्स देशातील सेबू येथे ६२४ तरुणांना साडेचार वर्षे तपासण्यात आले आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जे तरुण बाप झाले त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हा पुरुषरस पुष्कळ उतरला. त्यांतही जे रोज तीन तास वा अधिक मुलांचे करीत, त्यांचा सर्वांत कमी आढळला. याने पुरुष दुबळा होतो असे कोणी समजू नये. झुंजण्यासाठीची देहाची तयारी थोडी मागे घेतली जाते आणि जपण्याची पुढे येते, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात. बापाने बाळाला खेळवले की त्याच्याही देहात ऑक्सिटोसिन वाढतो, हेही आता तपासलेले आहे.

आईच्या देहात ओढीची वात आधीच तेलात भिजलेली असते. बापाला ती हाताने भिजवावी लागते. पण पेटल्यावर उजेड सारखाच. "पोरं सांभाळणं बाईचं काम," असे म्हणून जो बाप दूर बसतो, तो स्वतःच्याच देहातली एक देणगी न उघडता मरतो.

कातडीची भूक

पूर्वी पंडितांची अशी समजूत होती की लेकरू आईला चिकटते ते दुधासाठी. पोट भरले की काम झाले. १९५८ साली अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवरील प्रयोग जगापुढे ठेवला. दोन खोट्या आया केल्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे ठेवले, तरी पिलू दूध पिऊन झाले की कापडाच्या आईला बिलगून बसे. भ्याले की तिच्याकडेच धावे. त्या पिलांचे पुढे फार हाल झाले. हा प्रयोग क्रूर होता, आणि असे प्रयोग पुन्हा होऊ नयेत असेच आम्हांस वाटते. पण त्या मुक्या जिवांनी माणसाला एक धडा दिला. पोटाला जशी भूक आहे तशी कातडीलाही भूक आहे.

ही भूक भागवली तर जीव वाचतात. १९७८ साली कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेथील डॉक्टर एडगर रे यांनी दिवस न भरलेली बाळे आयांच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत ठेवते, त्यावरून या रीतीला कांगारू-मातृसेवा म्हणतात. २०२१ साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांतून झालेल्या मोठ्या पाहणीचा निकाल आला. एक ते पावणेदोन किलो वजनाच्या आसपासची सुमारे ३,२०० बाळे त्यात होती. जन्मताच छातीशी धरलेल्या बाळांत शंभरामागे १२ दगावली. आधी प्रकृती स्थिर होऊ दिली आणि मग छातीशी दिली, त्यांत शंभरामागे जवळजवळ १६. म्हणजे नुसते लवकर छातीशी धरल्याने शंभरात तीनचार जीव अधिक वाचले! आणि ही छाती आईचीच हवी असे नाही. बाप, आजी, मावशी, कोणाचीही चालते.

आपला संप्रदाय तर स्पर्शाचाच संप्रदाय आहे. पंढरीत देव दुरून पाहावयाचा नसतो, त्याच्या पायांवर डोके ठेवावयाचे असते. वारीत माणूस माणसाला उराउरी भेटतो, पाया पडतो. मग घरी आल्यावर बाप पोराला वर्षानुवर्षे जवळ घेत नाही, हे कसे?

एका गोष्टीची भीती मात्र काढून टाकली पाहिजे. १९७० नंतरच्या काळात काही डॉक्टर सांगत की जन्मानंतरचे पहिले काही तास चुकले तर माय-लेकरांचा बंध कायमचा कच्चा राहतो. पुढील अभ्यासात हे टिकले नाही. पहिला तास मोलाचा खरा, पण तो शेवटचा तास नव्हे. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली आई, बाळ काचपेटीत असलेली आई, दत्तक घेणारे आईबाप, यांनी मुळीच खंत करू नये. माणसाचा बंध हा एका क्षणात बसणारा शिक्का नव्हे. तो रोज थोडा थोडा विणला जातो.

तुटलेली नाळ

हा सिद्धांत आमच्या जिल्ह्याने फार कठोर रीतीने अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे झोपेत गेली. कितीएक लेकरांचे आईबाप एका रात्रीत नाहीसे झाले.

त्या लेकरांचे पुढे काय झाले? काही आजीच्या पदरात वाढली, काही चुलत्याच्या घरी. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला नेऊन शिकविली. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने 'आपलं घर' उभे केले. या नावातच सारे आले. अनाथाला छप्पर, अन्न आणि वही तर हवीच. पण त्याहून 'आपलं' म्हणावे असे माणूस हवे.

हे नुसते भावनेचे बोलणे नव्हे. रुमानिया देशात १९८९ साली राजवट पडली तेव्हा तेथील अनाथालयांतून हजारो लहान मुले आढळली. अन्न होते, खाटा होत्या, पण एकेका बाईच्या वाट्याला कितीतरी मुले. कोणी रडले तरी कोणी येत नसे. म्हणून ती रडायचीच थांबली होती. २००० सालापासून तेथे १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्म्या मुलांना घरोघरी पालक-कुटुंबांत ठेवले. घरांत गेलेल्या मुलांची बुद्धी सुधारली, माणसावर विश्वास बसू लागला. दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांची सुधारणा पुष्कळ बाबतींत अधिक चांगली झाली. रक्ताचे नाते कोणाशीच नव्हते. नाते हातांचे होते. पण हात रोज तेच होते.

आज आमच्या मराठवाड्यात दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात. कोयता घेऊन नवराबायको उसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. कोणी लेकरे बरोबर नेतात, कोणी आजीआजोबांपाशी ठेवतात, कोणी हंगामी वसतिगृहात. पोटासाठी जावे लागते, त्यांना दोष देणारे आपण कोण? आपण एवढेच म्हणू की मागे राहिलेल्या लेकराला रोज तेच एक माणूस असावे. आज मामा, उद्या मावशी, परवा शेजारी, असे त्याचे होऊ नये. आणि आईबापांनी सांगून जावे, चोरून जाऊ नये. "झोपल्यावर निघून जाऊ, म्हणजे रडणार नाही," असे पुष्कळ जण करतात. रडणे बरे. न सांगता गेलेल्या आईची वाट पाहणारे लेकरू पुढे झोपायलाच भिते.

आपल्या माउलींचेच चरित्र आठवा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देहांत प्रायश्चित्त घेतले तेव्हा चारही भावंडे लहान होती. थोरला निवृत्ती धाकट्यांचा बाप झाला, गुरू झाला. ज्याची माय बाळपणीच गेली, त्या ज्ञानदेवांना आज अवघा महाराष्ट्र 'माउली' म्हणतो! पुरुषाला आई म्हणणारा हा आपला संप्रदाय. आईपण हे देहात सुरू होते, पण ते देहापुरते नाही, हे वारकऱ्यांना शास्त्राच्या कितीतरी आधी कळले होते. पैठणच्या वाळवंटात तापल्या वाळूवर पोळणारे परक्याचे पोर नाथांनी कडेवर उचलून घेतले. त्यांनी जात विचारली नाही. त्यांना रडणे ऐकू आले.

पाहूनही न पाहणे

आता सर्वांत नाजूक गोष्ट. १९७८ साली एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी हसतखेळत बोलत असते. मग तिला सांगतात, दोनतीन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेव, बाळाकडे पाहा पण काही करू नकोस. बाळ आधी हसते. मग हात पुढे करते, आवाज काढते. आई हलत नाही. बाळ पुन्हा पुन्हा यत्न करते, शेवटी तोंड फिरवते आणि कोमेजून जाते. आई समोर बसलेली असूनही लेकरू पोरके होते.

पुढे आईने चेहरा मोकळा केला की बाळ हळूहळू सावरते. हे ध्यानात ठेवावे, कारण चूक प्रत्येक आईबापाकडून होते. चूक होणे हे संकट नव्हे. चुकीनंतर परत जवळ न घेणे हे संकट.

वाचकहो, आज हा प्रयोग घरोघर रोज चालला आहे. बापाच्या हातात मोबाईल, आईच्या हातात मोबाईल, आणि गुडघ्याशी लेकरू. "बाबा, हे बघा" असे ते चारदा म्हणते. बाप 'हं' म्हणतो, मान वर करीत नाही. पाचव्यांदा लेकरू म्हणत नाही. त्याने हिशेब मांडलेला असतो.

आणि आपण वारकऱ्यांनीही स्वतःस विचारावे. भजनाला रोज जातो, सप्ताहात सात दिवस पहारा करतो, आषाढीला पायी जातो. उत्तमच आहे. पण घरी आल्यावर लेकरू पायाशी आले तर "सर बाजूला, पारायण करतोय" असे आपण म्हणतो का? तसे म्हणताना मनात गोरोबाकाकांचा दाखला तर नसतो ना?

काकांची कथा पुन्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त काकांची कथा आली आहे. ती पायाखालच्या लेकरापाशी संपत नाही. पुढे पंढरीत नामदेवरायांचे कीर्तन रंगते. काकांचे तुटलेले हात परत येतात. आणि ते गेलेले लेकरू भरल्या सभेतून रांगत रांगत आईकडे येते.

हा शेवट आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि टाळ्या वाजवून उठतो. थोडे थांबून पाहू. एवढी भक्ती केलेल्या भक्ताला देव म्हणू शकला असता, "तुला मी मिळालो, आता लेकरू कशाला?" देवाने तसे म्हटले नाही. त्याने लेकरू ठेवून घेतले नाही, परत दिले. ज्या भक्तीची किंमत लेकराने मोजली, ती भक्ती देवाला तशीच स्वीकारवेना. त्याला ते लेकरू आईच्या ओटीत घालावेच लागले, तेव्हा कथा पुरी झाली.

काकांची ती अवस्था होती. ती मागून येत नाही, दाखवून मिळत नाही. आपले मन भजनातही बाजारात हिंडते, आणि मोबाईलमध्ये तर नामही नसते. काकांना लेकरू दिसले नाही, कारण त्यांना विठ्ठलावाचून काहीच दिसत नव्हते. आपल्याला सगळे दिसते, फक्त लेकरू दिसत नाही. मग कोणत्या तोंडाने आपण काकांचा दाखला घ्यावा? त्यापेक्षा काकांच्या लेकराचा दाखला घ्यावा. आपण डोळे मिटून असलो तरी ते आपल्याकडेच रांगत येते. ही त्याची भक्ती आहे. संतांनी देवाला हाक मारताना लेकरू होऊन मारली ती उगाच नाही.

आचार

पाठ ऐकून आचार हवा. म्हणून थोडक्यात सांगतो.

बाळ जन्मले की प्रकृती ठीक असल्यास डॉक्टर-नर्सला विनंती करून ते आईच्या छातीशी द्यावे. दिवस न भरलेले असेल तर कांगारू-मातृसेवेबद्दल विचारावे, आणि बापानेही आपली छाती द्यावी. बाळंतिणीला बोल लावू नये. रडणाऱ्या तान्ह्याला उचलावे. "उचललं की लाडावतं" ही समजूत तान्ह्याच्या बाबतीत खोटी आहे. बापाने रोजचे एक काम आपले म्हणून धरावे. न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे, कोणतेही, पण रोज. हरिपाठाच्या वेळी लेकरू मांडीवर घ्यावे. टाळ त्याच्या हातात द्यावा. बेसूर वाजवील, वाजवू द्यावा. घरात जेवताना आणि निजताना मोबाईल दूर ठेवावा. रागावलो तर दिवस मावळण्यापूर्वी जवळ घ्यावे. काकांच्या धंद्यातलीच रीत आहे. कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा आतून त्याचा एक हात आधाराला असतो. आतला हात काढून जो थापटील त्याचे मडके फुटेल. आणि गावात आईबाप नसलेले, किंवा दूर गेलेले लेकरू असेल, तर त्याचे 'रोजचे माणूस' कोण आहे हे विचारावे. कोणी नसेल तर आपण व्हावे.

शेवटी एकच गोष्ट सांगून पाठ पुरा करतो. जनाबाईंनी आपल्या अभंगात लेकुरवाळ्या विठोबाचे चित्र काढले आहे, ते सर्वांस पाठ असते. देवाच्या अंगाखांद्यावर सगळे संत आहेत. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी बोट धरून. त्यात आमचे तेरचे गोरोबाकाका कुठे आहेत, हे कधी पाहिले का? जनाबाईंनी त्यांना देवाच्या मांडीवर बसविले आहे. ज्या बापाला आपले लेकरू मांडीवर घेण्याचे भान उरले नाही, त्याला देवाने लेकरू करून आपल्या मांडीवर घेतले.

तो देव विटेवर उभा आहे. त्याचे हात कटेवर आहेत. आपले हात मात्र मोकळे आहेत. आज घरी गेल्यावर ते लेकराकडे पसरावेत. ते रांगत येईल.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥